तांबडी शाई आणि समीक्षा

साहित्यसमीक्षा हल्ली फार कठोर झाली आहे, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. वास्तविक मराठी समीक्षा सौम्य अशी कधीच नव्हती. १८७४ मध्ये सुरू झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने मराठी गद्याला तेज दिले आणि ग्रंथांच्या परखड परीक्षणाचा पायंडाही पाडला. मात्र त्याच मालेत जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना शास्त्रीबुवांचा बराच रोख व्याकरणाच्या व शुद्धलेखनाच्या चुकांवर राहिला. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'ने शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा प्रश्न मांडला होता. त्या प्रश्नाला उपहास हे उत्तर होऊ शकत नव्हते.

टीकाकार आणि टीकेचा विषय झालेला लेखक, दोघांनीही शाळा उभारल्या, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. चिपळूणकरांनी १८८० मध्ये टिळकांसमवेत न्यू इंग्लिश स्कूल स्थापन केले. विद्येची तळमळ दोघांनाही होती. तरीही एकाची लेखणी दुसऱ्याच्या शब्दांपाशीच अडली.

म्हणून कठोरपणाला सरसकट दोष देता येत नाही. १९२५ च्या 'झेंडूची फुले'मध्ये आचार्य अत्र्यांनी समकालीन कवींची मनसोक्त थट्टा केली. पण विडंबन साधायचे तर मूळ कवितेचे वृत्त, शब्दकळा आणि लकबी कानात मुराव्या लागतात. त्या थट्टेमागे वाचन होते. न वाचता केलेली निंदा जितकी अन्यायकारक, तितकीच प्रकाशन समारंभातली न वाचता केलेली स्तुतीही.

शाळेत मुलाच्या वाट्याला येणारी पहिली समीक्षा म्हणजे वहीवरची तांबडी शाई. ज्या गावी मराठी केवळ घरात आणि शाळेतच कानी पडते, तेथे मुलाच्या वाक्यात हिंदीचे वळण येणारच. ते दुरुस्त व्हावे, ऱ्हस्वदीर्घही सुधारावे. त्यात सवलत नको. परंतु आजीविषयी मनापासून लिहिलेला निबंध जर केवळ तांबड्या खुणांनी भरून परत आला, तर ते मूल पुढचा निबंध बेताचाच लिहील आणि पुढे कदाचित मराठीत लिहिणेच सोडून देईल. सर्व दुरुस्त्यांच्या खाली त्या आजीविषयीही एक वाक्य शिक्षकाने लिहावे, घरी वही उघडणाऱ्या पालकांनी ते बोलून दाखवावे. आपले लिहिणे कोणीतरी वाचले, एवढे मुलाला कळले की चुका सुधारण्याचे बळ त्याच्या अंगी येते.