कंपवात आणि जगण्याची प्रत



साहित्याच्या व्याख्यानमालेत आजाराचा विषय कशाला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले आपल्या वयाचे. १९८० नंतर हजीऱ्यात वायू आणि खतांचे, पुढे पोलादाचे कारखाने उभे राहिले, तेव्हा महाराष्ट्रातून इथे आलेली मंडळी पंचविशी-तिशीत होती. आज ती पासष्टी-सत्तरीत आहेत. पार्किन्सन्स, म्हणजे आपल्याकडचा कंपवात, बहुधा साठीच्या सुमारास आणि त्यानंतर दिसू लागतो. दुसरे कारण असे, की हा आजार माणसाच्या अभिव्यक्तीवरच घाला घालतो. अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात. शब्दांवर प्रेम करणाऱ्या मंडळाला याहून जवळचा आजार कोणता?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकारावर निबंध लिहिला. मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात, हे त्यामागचे कारण पुष्कळ नंतर कळले. १९६० च्या दशकाअखेरीस लेव्होडोपा हे औषध हाती आले आणि आजही तेच मुख्य आहे. आपल्या खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असते. पण म्हणून कोणी मनानेच चूर्ण सुरू करू नये. त्यात मात्रेचा अंदाज राहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकाच अवस्थेतल्या दोन रुग्णांपैकी एक समाधानाने जगतो आणि दुसरा खचतो, हे कशामुळे? सहा देशांतल्या हजाराहून अधिक रुग्णांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. जगण्याच्या प्रतीत जो फरक दिसला, त्यातला जेमतेम १७ टक्के भाग आजाराची अवस्था आणि औषधे यांनी उलगडत होता. त्याहून कितीतरी मोठा वाटा मनाच्या उदासीचा निघाला. शिवाय आणखी दोन गोष्टी पुढे आल्या: निदान सांगताना ते रुग्णाला समाधान वाटेल असे समजावले होते का, आणि आज त्याला आशा वाटते का.

वाचकहो, यातले काय काय आपल्या घरात ठरते ते पाहा. उदासी हा मनाचा दुबळेपणा नव्हे. मेंदूतल्या ज्या बदलांनी हात कापतो, त्यांचा मनावरही परिणाम होतो. तिच्यावर उपचार आहेत. पण चेहरा आधीच स्थिर झालेला असल्यामुळे ती घरच्यांच्या लक्षात येत नाही. कधी उलटही होते. आतून प्रसन्न असलेला माणूस ‘हल्ली कशात रस घेत नाही’ असे आपण ठरवून टाकतो. म्हणून चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका, विचारा. विचारल्यावर थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपणच त्यांच्या वतीने बोलून मोकळे होतो. असे चार वेळा झाले की माणूस बोलणे सोडतो.

तसेच चहाचे. कप थरथरतो म्हणून पाहुण्यांसमोर चहा न देणे, लग्नाकार्याला न नेणे, हे आपण काळजीपोटी करतो. त्यांना मात्र ते लपवल्यासारखे वाटते. मोठ्या कानाचा मग अर्धाच भरून द्यावा. सांडला तर पुसावा. गोळीची वेळ मात्र काट्यावर पाळावी, कार्यालयातली पंगत लांबली तरीसुद्धा. प्रथिनयुक्त जेवणाबरोबर लेव्होडोपा नीट शोषले जात नाही, तेव्हा जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. औषध एकदम बंद करणे धोक्याचे असते.

चालता चालता, विशेषतः दारात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी ओढू नये. मिलेहा सोनेजी या डिझायनरने आपल्या नात्यातल्या एका ज्येष्ठांना पाहिले, तर ते जिना सहज चढत, सपाट जमिनीवर मात्र अडखळत. तिने जमिनीवर जिन्याचे चित्र अंथरले आणि ते त्यावरून चालत गेले. पावलाला खूण मिळाली की वाट सुटते. तालाचेही तसेच आहे. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेत आले आहेत. आपण तर गरब्याच्या मुलखात राहतो. ठेका शोधायला लांब जायला नको. आवाजासाठी रोज थोडा वेळ मोठ्याने वाचावे. हरिपाठ म्हणा, वर्तमानपत्र वाचा, पण आवाज पलीकडच्या खोलीत पोहोचला पाहिजे.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. साहित्याच्या मंडळींनी या शब्दांकडे नीट पाहावे. ‘रुग्ण’ म्हटले की माणूस खाटेवर जातो. ‘शुभार्थी’ काही मागत असतो, पुढे पाहत असतो. ‘शुभंकर’ या शब्दाने दुसऱ्या माणसालाही नाव मिळते. आपल्याकडे ती बहुधा पत्नी असते, तिचेही वय झालेले असते आणि मुले बंगळूरला किंवा परदेशी असतात. रात्री कूस बदलायला मदत करणाऱ्या या बाईची झोप, तिची पाठ, तिचे भजनी मंडळ यांची चौकशी कोण करतो? ती खचली तर दोघेही खचतात. आठवड्यातून दोन तास तिच्या जागी बसणारा शेजारी औषधाइतकाच मोलाचा आहे.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. महिन्यातून एक सकाळ आपण शुभार्थी आणि शुभंकर यांच्यासाठी राखून ठेवू या. थोडा व्यायाम, थोडे मोठ्याने वाचन, गाणे, चहा. डॉक्टरांना वर्षातून एकदोनदा बोलावू. अजून या आजारातून पूर्ण बरे करणारे औषध नाही, आणि ते शोधणे आपल्या हातचे नाही. पण कोणाला किती एकटे वाटावे, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. तुमच्या ओळखीत असे एखादे घर असेल, तर सभेची वाट न पाहता या आठवड्यातच तिथे जाऊन या.