जीवपेटींतील माती



इ. स. १८२९ मध्यें लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनीं पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलींत ठेवला, आणि त्या मातींतून नेचा उगवला. पुढें अशा काचपेट्यांचा छंद दूरवर पसरला. नेचे, शेवाळ, गोगलगाई त्यांत सुखानें नांदतात. पण तळची माती नासली, कीं सारेच संकटांत येतात. तिची निगा कशी राखावी, याचे दोन धडे रायगड जिल्ह्यांतच मिळतात. एक पेणचा, दुसरा रोह्याचा.

पेणच्या खाडीकांठीं खारभूमीच्या बांधाला उघाडी असते. भरतीला ती मिटते व खारें पाणी अडतें; ओहोटीला उघडते व पावसाचें सांचलेलें पाणी क्षार घेऊन बाहेर जातें. पेटीला अशी वाट नसते. म्हणून तळाशीं धुतलेली खडी अथवा विटांचे तुकडे दोन इंच पसरावे, वर बारीक जाळी अंथरावी, आणि त्यावर बागेची माती, काथ्याचा भुसा व कोळशाचे बारीक तुकडे यांचें मिश्रण तीन इंच भरावें. खारजमिनीची माती मात्र वापरूं नये. तींतील मीठ गोगलगाईच्या अंगांतील पाणी ओढून घेतें.

दुसरा धडा रानाचा. मुरूड व रोहा तालुक्यांतील फणसाड अभयारण्य १९८६ सालीं घोषित झालें. तेथें झडलेला पाला बुरशी व बारीक जीव कुजवितात आणि मातीस परत देतात. पेटींतहि आंब्याफणसाच्या वाळक्या पानांचा इंचभर थर हवा. त्यासाठीं औषध न फवारलेला परसांतील पाला पुरे. अभयारण्यांतून कांहींहि उचलूं नये. पाल्याखालीं तिळाहून लहान, उड्या मारणारे पांढरे कीटक दिसल्यास मारूं नयेत. बुरशी व कुजका पाला खाऊन तेच पेटीची झाडलोट करतात. पाला संपेल तसा नवा घालावा.

माती मुठींत दाबली असतां गोळा व्हावा, पण पाण्याची धार लागूं नये. खडींतील पाणी जाळीपर्यंत चढल्यास नळीनें काढावें. जून ते सप्टेंबर कोंकणची हवाच ओली. तेव्हां शिंपडण्यापूर्वीं बोट लावून पाहावें. माती काळी पडून कुजक्या अंड्याचा वास येऊं लागला, तर हवेवांचून जगणाऱ्या जंतूंनीं हायड्रोजन सल्फाइड वायु निर्माण केला, असें समजावें. अशा वेळीं जीव दुसऱ्या भांड्यांत हलवून माती बदलावी.

रानांतील गोगलगाय नासलेली जागा सोडून जाऊं शकते. पेटींतील गोगलगाईला ती सोय नाहीं. म्हणून मातीकडे लक्ष ठेवणें हें पाळणाऱ्याचें कर्तव्य होय.