तणाच्या आश्रयाला



द्राक्ष ताटात असते तोवर सर्वांनाच गोड. त्याची कटकट बागाईतदाराला ठाऊक. आपल्यापैकी काहींच्या बागा अथणी-तासगावकडे आहेत, म्हणून त्यातल्याच एका कटकटीविषयी बोलतो.

रोगट वेल उपटून जाळली, नवी लावली, आणि काही वर्षांत तिचीही पाने पंख्यासारखी वेडीवाकडी होऊन मणी गळू लागले, तर दोष कोणाला द्यावा? १९५८ साली कॅलिफोर्नियात ह्यूइट, रास्की व गोहीन यांनी दाखवून दिले की, हा ‘फॅनलीफ’ विषाणू मातीतला एक सूक्ष्म सूत्रकृमी एका वेलीच्या मुळांतून दुसरीच्या मुळांत नेतो. उपटलेल्या वेलीची तुटकी मुळे जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. कृमीला तेवढे पुरते.

पण मुळांवरच भागते असेही नाही. इराणातल्या हरळीत हाच विषाणू सापडल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. होय, गणपतीला आपण वाहतो तीच दूर्वा! हरळीत सापडला म्हणून प्रत्येक बागेतला रोग हरळीनेच आणला, असे मात्र म्हणता यायचे नाही. अमेरिकेत डँडेलियन नावाचे पिवळ्या फुलांचे तण आहे. त्याचे बी म्हातारीसारखे वाऱ्यावर उडते आणि ‘टोमॅटो रिंगस्पॉट’ हा द्राक्षालाही बाधणारा विषाणू त्या बियांतून पुढच्या पिढीत उतरतो. अशी तणे पुष्कळदा वरून हिरवीगार दिसतात. फसगत होते ती तिथेच.

उत्तर कॅलिफोर्नियात ‘रेड ब्लॉच’ने पाने लाल पडतात, फळात साखर भरत नाही. त्याचा विषाणू बागांशेजारच्या रानद्राक्षांत आढळला. त्याला वाहून नेणारा तिकोनी पाठीचा हिरवा तुडतुडा मात्र लसूणघासासारख्या शेंगवर्गीय झाडांवर पोसतो. म्हणजे रोग एकाच्या घरी, वाहन दुसऱ्याच्या दारी!

हे ऐकून उद्याच बांध खरवडायला मजूर लावू नका. पाने गुंडाळणारा ‘लीफरोल’ विषाणू पिठ्या ढेकणाने पसरतो आणि बहुतेक द्राक्षवेलीतच राहतो. तिथे तण काढण्याची मजुरी फुकट. आधी विषाणू कोणता ते तपासून घ्यावे. आणि कोणी शेजाऱ्याकडून न तपासलेली काडी आणून कलम भरीत असेल, तर त्याचा हात मी प्रथम धरीन. हरळीकडे मागाहून पाहू.