संगणकातील ठेव आणि गृहिणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात लोणची, पापड, बचत यांवर पुष्कळ भाषणे झाली. आज मी संगणकावर बोलणार म्हटल्यावर काहीजणी एकमेकींकडे पाहून हसल्या, ते माझ्या नजरेतून सुटले नाही! सातवी झालेल्या बाईने या विषयाला हात का घालावा? तर माझे म्हणणे असे की, संगणकात भरलेल्या गोष्टींची दुसरी प्रत काढून ठेवणे हे विद्वत्तेचे काम नव्हेच. ते साठवणीचे काम आहे, आणि साठवण आपल्याइतकी कोणाला कळते?

घराघरांतून फोनमध्ये आणि संगणकात काय काय जाऊन बसले आहे ते पाहा. मुलांचे बारशापासूनचे फोटो, घराचे कागद, बचत गटाचा हिशेब. आमच्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणत. त्या आमच्या मुलीने फोनवर उतरवून घेतल्या. सासूबाई आता नाहीत. कागदाची नक्कल कचेरीतून पुन्हा मिळेल, हेलपाटे पडतील एवढेच. त्या आवाजाची नक्कल कोणती कचेरी देणार?

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण सांगलीकर विसरलेलो नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आमच्या ओळखीच्या एका घरची माणसे मोठी दक्ष. संगणकातले सारे त्यांनी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, म्हणजे ती हातात मावणारी डबी असते तिच्यावर, उतरवून ठेवले होते. पण डबी कोठे, तर त्याच टेबलाच्या खणात! पाणी ओसरल्यावर संगणक आणि डबी दोन्ही एकाच चिखलातून निघाली. घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच कनवटीला लावण्यातला हा प्रकार. त्या बाईंनी भांडीकुंडी पुन्हा जमवली. लेकीच्या लग्नाचे फोटो मात्र आता पाहुण्यांकडून एकेक मागून गोळा करतात.

जाणकार लोक तीन-दोन-एक असा हिशेब सांगतात. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारामुळे तो सर्वत्र झाला. प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. मी तो आपल्या संसाराला बेताने लावला आहे. महिन्याचा किराणा भरून झाला की त्याच दुपारी फोनमधले फोटो संगणकात घ्यायचे आणि तेथून डबीवर. किराण्याचा दिवस चुकत नाही, म्हणून हाही चुकत नाही. डब्या दोन आहेत. एकीला लाल दोरा, दुसरीला हिरवा. एक घरी असते, दुसरी विट्याला माझ्या भावाकडे. मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, मी माहेरी जाते तेव्हा अदलाबदल होते, आणि पुन्हा भाऊबीजेला. वहिनी म्हणतात, वन्सं येतात त्या डबीसाठी की आमच्यासाठी! शिवाय निवडक फोटो आणि ओव्या इंटरनेटवरच्या खात्यातही ठेवल्या आहेत.

त्या खात्याविषयी मात्र जरा सावध असावे. पुष्कळजणींना वाटते, फोटो फोनमध्ये दिसतो आणि गूगलच्या खात्यातही दिसतो, म्हणजे झाल्या दोन प्रती. तसे नाही. जोडलेल्या फोनच्या गूगल फोटोमधून फोटो पुसला, तर खात्यातलाही पुसला जातो. मग तो ६० दिवस त्यांच्या कचरापेटीत राहतो आणि पुढे कायमचा जातो. नातवाच्या हातात फोन देणाऱ्या आजींनी हे ध्यानात ठेवावे. फुकटची जागा १५ जीबी, आणि तीत पत्रव्यवहारही आला. दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर ते काढून टाकण्याचा नियमही आहे.

आणखी एक सवय. काम होताच डबी रीतसर सोडवून तार काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाची कीड जगभर संगणकांत शिरली आणि आतल्या फाइलींना कुलूप घालून पैसे मागू लागली. असल्या किडीला जोडलेली डबीही सापडते. कपाटातली सापडत नाही. डबी आपटू देऊ नये. तिच्या पोटात तबकडी फिरते आणि धक्क्याने ती बिघडते.

प्रत काढली म्हणून निश्चिंत मात्र होऊ नये. बरणी वर्षभर झाकून ठेवून ऐन पंगतीला कोणी उघडते का? मधूनमधून वास घेऊन बघतोच ना! तशी मी दर वेळी डबीतला एखादा फोटो, हिशेबाचे एक पान आणि एक ओवी उघडून पाहते. ओवी मात्र एकीवर थांबत नाही, हे खरे.

आणि पासवर्ड! तो यजमानांच्या डोक्यात असून भागत नाही. आमच्या घरी तो वहीत लिहून दागिन्यांच्या कपाटात ठेवला आहे, आणि वही कोठे आहे हे मुलीला ठाऊक आहे.

मंडळाची इतिवृत्ते आणि बचत गटाचा हिशेब सध्या चिटणीसबाईंच्या एकाच संगणकात आहे. अध्यक्षाबाईंची परवानगी असेल तर या महिन्यापासून त्याची प्रत मी काढीन, आणि ती आमच्या घरी न राहता खजिनदारबाईंकडे राहील. ज्यांना आपल्या घरचे काम शिकून घ्यायचे असेल त्यांनी येत्या बुधवारी दुपारी तीननंतर आमच्याकडे यावे. फोनची तार ज्याची त्याने आणावी. आमच्याकडे एकच आहे, आणि ती धाकट्या चिरंजीवांच्या ताब्यात असते.