पतंगाला धुरा नसतो



मूर्तिजापूरहून इथं यवतमाळपर्यंत शकुंतला रेल्वे आली ती इथला कापूस बाहेर नेण्यासाठी. म्हणजे कापूस नेण्याची सोय आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीच झाली. कापसाविषयी एकमेकांशी बोलण्याची मात्र अजून व्हायची आहे. या परिषदेचं बोलावणं त्यासाठीच.

२०१७ चा हंगाम कुणी विसरलेलं नाही. गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, आणि त्याच हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेनं माणसं गेली. माहिती नव्हती का? होती, पण वेगवेगळ्यांकडे वाटलेली. २००६ साली आलेल्या बोलगार्ड-२ या बीटी कपाशीला अळी आता जुमानत नाही, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत तेव्हा मिळणारी १२० ग्रॅम रेफ्युजी, म्हणजे बिगर-बीटी बियाणं, बहुतेक जण पेरतच नव्हते, हे कृषी केंद्रचालक जाणून होता. साठवलेल्या कापसात, सरकीत अळी टिकते, हे जिनिंगवाल्याला दिसत होतं. आणि वेचणीच्या बायांच्या हाताला तर रोज किडक्या बोंडांची कवडी लागत होती. त्यांना विचारतो कोण?

मग सल्ला आला: फरदड, म्हणजे त्याच कपाशीचं पुढचं पीक, घेऊ नका; डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा. सल्ला बरोबर आहे. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते, रान मोकळं राहिलं की तिची साखळी तुटते. पण फरदडीला नवं बियाणं लागत नाही आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हातात चार पैसे येतात. ते सोडायचे तर त्या रानात हरभरा हवा. हरभऱ्याला पाणी, पाण्याला दिवसाची वीज, आणि त्याआधी लवकर निघणारं कपाशीचं वाण. म्हणजे अळीचा प्रश्न वीज कंपनीच्या दारात जाऊन उभा राहतो! शिवाय एकट्यानं उपटून भागत नाही. शेजाऱ्याची कपाशी उभी असेल, तर पतंग काही धुऱ्यापाशी थांबत नाही.

म्हणून या परिषदेत पहिलं सत्र वेचणाऱ्या बायांचं आणि केंद्रचालकांचं ठेवलं आहे. शास्त्रज्ञ त्यानंतर बोलतील. यावर थोडी कुरबूर झाली, ती स्वागताध्यक्ष म्हणून मी अंगावर घेतो. वीज कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही मुद्दाम बोलावलं आहे. दुपारी जेवण झालं की सगळ्यांनी जिनिंगच्या आवारात यायचं आहे. तिथल्या कामगंध सापळ्यांत किती पतंग अडकले, ते सगळ्यांसमोर मोजू आणि पुढची चर्चा तिथंच करू.

अध्यक्ष महोदयांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.