मदतीस जाणाऱ्यांची राखण

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशास सुमारे वीस किलोमीटर गेल्यावर सोनगीर लागते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे गाव खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. गावालगतच्या टेकडीवर किल्ला आहे. त्याची आज बरीच पडझड झाली असली, तरी तो तेथेच का बांधला गेला हे समजण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज लागत नाही. टेकडीवर उभे राहिले की खालचा रस्ता दूरवर नजरेत येतो. खानदेशावर फारुकी आले, मोगल आले, मराठे आले आणि १८१८ साली इंग्रज आले. धनी बदलले, पण दक्षिणेतून उत्तरेकडे जाणारी वाट काही बदलली नाही. त्या वाटेने माल जाई, खजिना जाई, यात्रेकरू जात, आणि त्या सर्वांस वाटेत जिवाची धास्ती असे.

वाटेची राखण त्या काळी दोन रीतींनी होत असे. एक किल्ल्यावरून, म्हणजे धाकाने. दुसरी गावाकडून, म्हणजे ओळखीने. परका माणूस गावात आला की गावचा जागल्या त्याला शिवेपर्यंत सोबत करी आणि पुढच्या गावच्या माणसाच्या हवाली करून परत फिरे. ही सेवा बहुधा वेठीची असे व ती ठरावीक जातींच्याच गळ्यात बांधलेली असे, तेव्हा तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील योजना मोठी शहाणपणाची होती. प्रवासी कोणत्या घटकेला कोणाच्या जबाबदारीत आहे, हे कोणाला तरी ठाऊक असे. एकाने सोडले आणि दुसऱ्याने घेतले नाही, असा रिकामा टापू मध्ये राहत नसे.

याच खानदेशात १८२५ साली धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभी राहिली. जेम्स आउटरॅम हा तिचा अधिकारी. ज्या लोकांच्या भयाने वाट धोक्याची समजली जाई, त्यांच्याच हाती वाटेची राखण सोपवावी, असा तो विचार होता. कंपनी सरकारास भिल्लांचा कळवळा आला होता असे मुळीच नव्हे. बंदुकीने जे साधेना ते पगाराने साधते काय हे त्याने पाहिले, एवढेच. तथापि रानाची ज्याला माहिती आहे त्याच्या संमतीवाचून रानात कोणाचेही रक्षण होत नाही, ही गोष्ट त्या प्रयोगाने सिद्ध झाली.

आज सोनगीरवरून जी वाहने भोंगे वाजवीत धावतात, त्यांत लुटारूंची भीती बाळगणारे फारसे कोणी नसते. त्यांत कधी रुग्णवाहिका असतात, कधी अग्निशामक बंब असतात, आणि कधी आपत्तीच्या जागी धावणारे जवान असतात. महाराष्ट्र राज्याच्या आपत्ती प्रतिसाद दलाचे एक ठाणे धुळ्यास आहे व दुसरे नागपुरास. राज्य राखीव पोलीस दलातील निवडक जवानांना पूर, आग, इमारत कोसळणे इत्यादी प्रसंगांचे शिक्षण देऊन ह्या तुकड्या उभारल्या आहेत. दुसऱ्यांच्या जिवाची राखण करण्यास हे लोक जातात. पण त्यांची राखण कोणी करावयाची, हा प्रश्न गडबडीच्या वेळी कोणाच्या मनात सहसा येत नाही.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रसायनांच्या कारखान्यात प्रचंड स्फोट झाला. बारांहून अधिक माणसे प्राणास मुकली व पुष्कळ जखमी झाली. अशा जागी धावून जाणाऱ्याचा पहिला शत्रू त्याची स्वतःची तळमळ असते. आत माणसे विव्हळत आहेत हे ऐकू येते आणि पाय आपोआप पुढे पडतात. पण आत काय साठविले आहे, ते पाण्याने विझते की पाण्याने अधिक भडकते, वारा कोणत्या दिशेचा आहे, अजून न फुटलेली पिंपे किती आहेत, ह्या चार गोष्टी कळेपर्यंत दाराशी थांबविणारा एक माणूस तेथे लागतो. त्याने वाऱ्याच्या वरच्या अंगास आपले ठाणे मांडावे, आत कोण गेले व कोणत्या मिनिटाला गेले हे लिहून ठेवावे, आणि ठरलेल्या वेळेत ते बाहेर न आल्यास दुसरे कोणी आत जाण्यापूर्वी कारण शोधावे. लोक अशा माणसाला दगडाच्या काळजाचा म्हणतात. वास्तविक त्या सबंध जागेवर त्याच्याइतके अवघड काम दुसऱ्या कोणाचेच नसते.

पाण्याचा धोका आगीहून फसवा असतो. २२ मे २०२४ रोजी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरा नदीत दोन तरुण बुडाले. त्यांच्या शोधासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी गेली. दुसऱ्या दिवशी, २३ मे रोजी सकाळी शोध चालू असता तिची एक होडी भोवऱ्यात सापडून उलटली. एक पोलीस उपनिरीक्षक व दोन शिपाई असे तिघे जवान त्यात गेले. होडीत बसलेल्या स्थानिक माणसालाही जलसमाधी मिळाली. पोहण्यास न येणारी ही माणसे नव्हती. पाण्याशी झुंजणे हाच त्यांचा व्यवसाय होता. धुळ्याच्या ठाण्यातून ज्या हातांनी निघते वेळी होडीचे सामान गाडीत चढविले, तेच हात परत येणार नाहीत, अशी शंका त्या रात्री कोणाच्या स्वप्नातही आली नसेल.

नदीवरील लहान बंधारा काठावरून पाहणाऱ्याला निरुपद्रवी दिसतो. पाणी फार तर पुरुषभर उंचीवरून पडत असते, खाली पांढरा फेस असतो, आणि त्यापुढे नदी शांत वाहते. पण पडणारे पाणी तळाशी जाऊन वर उसळते व त्यातील काही भाग उलटा फिरून पुन्हा बंधाऱ्याच्या भिंतीकडेच येतो. म्हणजे काठावरचा मनुष्य ज्या पाण्याला पुढे जाणारे समजतो, ते पृष्ठभागावर मागे ओढणारे असते. त्यात सापडलेली होडी भिंतीकडे खेचली जाते, वरून पडणारी धार तिच्यात शिरते आणि ती उलटते. फेसात हवा मिसळलेली असल्यामुळे अशा पाण्यात अंग नेहमीसारखे तरंगत नाही, आणि जीवरक्षक जाकीट घातलेला मनुष्यसुद्धा पुन्हा पुन्हा खाली ओढला जातो. म्हणून बंधाऱ्याच्या फेसाजवळ होडी नेण्यापूर्वी ती काठावरील दोन बाजूंच्या दोरांनी बांधून धरावी, खालच्या अंगास दुसरी होडी व फेकदोर घेतलेली माणसे उभी ठेवावीत, आणि शक्य तेथे वरच्या धरणातून येणारे पाणी काही काळ बंद करवून घ्यावे, असे ह्या विद्येतील जाणते सांगतात.

ह्यातील शेवटची गोष्ट जवानाच्या हातची नाही. धरणाचा दरवाजा पाटबंधारे खात्याच्या हाती, रस्ता पोलिसांच्या हाती, वीज वीजमंडळाच्या हाती, दवाखाना आरोग्य खात्याच्या हाती, आणि जमाव तर कोणाच्याच हाती नाही! अशा पाच ठिकाणी वाटलेल्या सत्तेला एका तोंडाने बोलावयास लावणे, हेच ह्या राखणीचे खरे मर्म आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण नेमले, ते ह्याच हेतूने. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात ती मध्यरात्री दूरध्वनी उचलणाऱ्या कारकुनावर अवलंबून असते. जीव शोधणे आणि देह शोधणे ह्यांतला भेदही अशा वेळी कोणी तरी स्पष्ट उच्चारावा लागतो. बुडालेला मनुष्य जिवंत सापडण्याची आशा आहे तोवर एका प्रकारचे धाडस योग्य, आणि ती आशा मावळल्यावर दुसऱ्या प्रकारचा धीर योग्य. काठावर आक्रोश करणाऱ्या आईसमोर हा भेद बोलून दाखविण्यास मोठे मन लागते. पण तो न बोलल्याने उद्या दुसऱ्या आईचा आक्रोश त्याच काठावर उठू शकतो.

पाणी आणि आग ह्यांना निदान वैर ठाऊक नसते. मनुष्याच्या संशयाचे तसे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातच, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेसाठी आलेल्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. ते मदतकार्यकर्ते नव्हते. पण गावात आलेला अनोळखी मनुष्य एका खोट्या निरोपाने किती वेळात मृत्यूच्या दारी उभा राहतो, हे त्या दिवशी दिसले. रोगाच्या साथीत घरोघर विचारपूस करीत हिंडणारी परिचारिका, पुरानंतर पडझडीची यादी करणारा तरुण, ह्यांचीही अवस्था त्याहून फार निराळी नसते. त्यांच्या अंगावर रंगीत जाकीट असते व गळ्यात ओळखपत्र असते. परंतु ओळखपत्र वाचण्याइतका वेळ जमाव देत नाही. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पोलीस पाटलास व सरपंचास कळविणे, दवंडी देवविणे, गावची आशा सेविका बरोबर घेणे आणि तिला पुढे चालू देणे, ह्याने अधिक रक्षण होते. जुन्या जागल्याची जागा आज तिने घेतली आहे असे म्हटले तर वावगे होणार नाही. फरक इतकाच की तिच्या मोबदल्याची तक्रार अद्याप मिटलेली नाही.

१८९७ सालच्या पुण्याच्या प्लेगची कथा महाराष्ट्रास पाठ आहे. रोग हटविण्यासाठी गोरे सोजीर घरात शिरले, देवघरे व माजघरे धुंडाळली गेली, आणि औषधापेक्षा अपमानच लोकांच्या ध्यानी राहिला. त्याचा शेवट २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. त्याच वर्षी, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत असता प्लेगनेच १० मार्चला वारल्या. एकीला लोकांपासून कसलेच भय नव्हते, दुसऱ्याला सैन्य असूनही अभय मिळाले नाही. आणि रोगाने मात्र जिच्यावर लोकांचा विश्वास होता तिलाच गाठले. विश्वासाने माणसांपासून रक्षण होते, जंतूंपासून होत नाही, ही गोष्ट २०२० च्या करोनाच्या साथीतही पुन्हा दिसली. त्या वर्षी २२ एप्रिलला वटहुकूम निघाला आणि आरोग्यसेवकांवर हात उचलणाऱ्यास तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, व गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगण्यात आली. कायदा हवाच होता. पण तो मार बसल्यानंतर धावून येतो.

देशाबाहेर गेलेल्या मराठी माणसांनीही ही राखण अनुभवली आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून चीनला जे पाच डॉक्टर निघाले, त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते. जपानी विमानांच्या माऱ्यामुळे येनानचे रुग्णालय डोंगराच्या पोटातील गुहांत होते. पुढे आघाडीकडे जाताना शत्रूच्या पहाऱ्यातील टापू रात्रीच्या अंधारात, चिनी सैनिकांच्या सोबतीने ओलांडावा लागे. त्या सैनिकांना पुढच्या खेड्यात कोण जागे आहे याची खबर शेतकऱ्यांकडून मिळे. इतक्या बंदोबस्तातून डॉ. कोटणीस सुखरूप पार पडले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्याने गेले. त्यांच्या अंगी गोळी लागली नव्हती. विश्रांतीवाचून चाललेल्या अहोरात्र श्रमांनी देह खचला होता. मदतीस गेलेल्याला सक्तीने झोपविणे हेही राखणीतच मोडते, आणि आजही सर्वांत जास्त हेळसांड ह्याच गोष्टीची होते. चोवीस तास जागलेल्या चालकाच्या हाती रात्रीची गाडी दिली जाते व त्याला सेवाभाव म्हणतात!

जगात ह्या विषयाचे शास्त्र बनले आहे. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधील संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर स्फोटकांचा हल्ला होऊन सर्जिओ व्हिएरा द मेलो ह्यांच्यासह बावीस जण मारले गेले. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षिततेसाठी स्वतंत्र विभाग काढला. तरीही २०२४ ह्या एका वर्षात जगभर ३८० हून अधिक मदतकार्यकर्ते ठार झाले, आणि त्यांतील बहुसंख्य परदेशाहून आलेले नव्हते; ते ज्या देशात काम करीत होते त्याच देशाचे रहिवासी होते. चिलखती गाड्या बहुधा पाहुण्यांसाठी असतात.

खानदेशात चिलखती गाडीचे प्रयोजन नाही. येथे प्रश्न तापीचा आहे. श्रावण-भाद्रपदात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापी दोन्ही थड्या भरून वाहते. धुळ्याहून शिरपूरकडे निघालेल्या तुकडीला सावळद्याचा पूल ओलांडावा लागतो. तो बंद असेल तर सोनगीर फाट्यावरून डावीकडे वळून दोंडाईचा व सारंगखेड्यावरून पलीकडे जाण्याचा दुसरा मार्ग राहतो. तो लांबचा आहे, आणि तोही खुला असेलच असे नाही. फाटा ओलांडून पुढे नरडाण्यापर्यंत गेलेल्या गाडीला मागे फिरण्यात मोलाचा वेळ जातो. म्हणून पावसाळ्यात दोन्ही पुलांची खबर सोनगीर फाट्यावरच मिळावी, तुकडीच्या नायकाने तेथे गाडी थांबवून नियंत्रण कक्षाशी बोलावे, माणसांची संख्या, निघाल्याची वेळ व धरलेला रस्ता सांगावा, आणि सावळदे अथवा सारंगखेडे येथे त्यांना ताब्यात घेणारा मनुष्य पलीकडच्या काठावर उभा आहे, एवढी खात्री झाल्यावरच गाडी हलवावी. थांबण्यास पाच मिनिटे लागतील. किल्ल्याची टेकडी तेथून दिसते.