दहापैकी दहा आणि सात चित्रं



संगणकावरचं संकेतस्थळाचं पान कसं तयार करतात, हे मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी शिकले, तेही घरी बसून. तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. २०२१ साली करोनामुळे ग्रंथालय कधी उघडं, कधी बंद असायचं. दिवसभर फोन वाजायचा. ‘आज पुस्तकं बदलून मिळतील का?’, ‘अभ्यासिका कधी सुरू होणार?’ एकच उत्तर चाळीस वेळा देऊन घसा दुखायचा. ग्रंथालयाचं स्वतःचं एक पान असावं असं फार वाटायचं, पण ते करून घ्यायला पैसे नव्हते. तेवढ्यात एका महाविद्यालयाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची माहिती मिळाली. बारा आठवडे, आठवड्याला तीन-चार चित्रफिती आणि शेवटी एक चाचणी. मी नाव नोंदवलं.

पहिल्या आठवड्यात मी घाबरले होते. पण विषय उलगडत गेला तसं लक्षात आलं, की यातलं निम्मं काम आपण आयुष्यभर करत आलो आहोत. ग्रंथालयाच्या तालिकापत्रावर आपण काय लिहितो? हे शीर्षक, हा लेखक, हा दाखल क्रमांक. एचटीएमएल नावाची भाषा नेमकं हेच करते. मजकुराच्या आधी एक खूण आणि नंतर एक खूण घालायची आणि सांगायचं, की हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे. मथळा लाल असावा की निळा, अक्षर केवढं असावं, हे ठरवणारी भाषा वेगळी. तिचं नाव सीएसएस. म्हणजे पुस्तकाची बांधणी आणि वेष्टन म्हणा ना! आणि कळ दाबल्यावर काही घडायचं असेल, तर जावास्क्रिप्ट.

यामागचा इतिहासही मला आवडला. टिम बर्नर्स-ली हे जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करत होते. तिथल्या शास्त्रज्ञांची कागदपत्रं वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेली असत, ती एकमेकांना जोडावीत म्हणून त्यांनी १९८९ साली एक प्रस्ताव मांडला. १९९१ साली त्यांचं पहिलं संकेतस्थळ बाहेरच्या जगाला खुलं झालं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य वापरायला दिलं. एका तालुक्यातल्या ग्रंथपाल बाईला कोणाचीही परवानगी न घेता पान करता आलं, त्याचं मूळ या निर्णयात आहे.

आता घरी बसून शिकण्याविषयी. चित्रफीत बघताना सगळं समजतं. प्राध्यापक बोलतात, आपण मान डोलावतो. विहिरीच्या काठावर बसून दुसऱ्याचं पोहणं बघावं, तसं ते असतं. हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम तीन टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. मी मात्र जिद्दीने बाराही आठवडे पुरे केले. दर चाचणीत दहापैकी नऊ, दहापैकी दहा. प्रमाणपत्र छापून घेतलं आणि कार्यालयात लावलं.

मग ग्रंथालयाचं पान केलं. आमच्या सूचना संगणकावर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या होत्या. तो फाँट दिसायला मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत. असा मजकूर पानावर चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मग मी सोपा मार्ग काढला. सातही सूचनांचे कागद स्कॅन केले आणि चित्रं म्हणून पानावर लावले. चित्रावर टिचकी मारली की ते मोठं दिसेल, अशीही सोय केली. पान देखणं झालं. कार्यकारी मंडळाने कौतुक केलं.

दीड महिन्याने बी.ए.च्या वर्गातला एक मुलगा ग्रंथालयात आला. त्याला दिसत नाही. त्याने विचारलं, “मॅडम, अभ्यासिकेचे अर्ज कधी निघणार?”

मी म्हटलं, “अरे, मुदत परवाच संपली. पानावर सूचना होती की!”

तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, मी रोज पान उघडत होतो. तुमच्या पानावर सात चित्रं आहेत, एवढंच मला कळतं.”

त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि मला ऐकवलं. दृष्टिहीन माणसं संगणकावर पडदावाचक आज्ञावली वापरतात. पडद्यावरचा मजकूर ती मोठ्याने वाचून दाखवते. त्याच्याकडे एनव्हीडीए ही आज्ञावली होती. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी तिची सुरुवात केली, २००६ साली. ती विनामूल्य मिळते. तिने माझं पान वाचायला घेतलं. ग्रंथालयाचं नाव वाचलं, आणि पुढे सात वेळा ‘चित्र, दुवा’ आणि स्कॅनरने दिलेले फाइलींचे निरर्थक आकडे. संपलं माझं पान!

अभ्यासिकेच्या चाळीसही जागा भरल्या होत्या. त्या खेपेला त्याला जागा मिळाली नाही.

घरी येऊन मी अभ्यासक्रमाच्या वह्या काढल्या. तिसऱ्या आठवड्यात हे सगळं शिकवलेलं होतं. चित्रासोबत त्यात काय आहे हे सांगणारा मजकूर लिहायचा असतो. त्या खुणेला ‘ऑल्ट’ म्हणतात. पानाची भाषा मराठी आहे, हेही पानाच्या सुरुवातीला सांगायचं असतं, नाहीतर वाचणारी आज्ञावली मराठीला इंग्रजीचा आवाज लावू शकते. चाचणीत यावर दोन प्रश्न होते. दोन्ही उत्तरं मी बरोबर दिली होती. पण एकदाही स्वतःच्या हाताने करून बघितलं नव्हतं.

आणि माझी चूक मला कोणी दाखवलीही नाही, त्याचं एक कारण आहे. ब्राउझर फार क्षमाशील असतो. एखादी खूण बंद करायची राहिली, ऑल्ट लिहिलाच नाही, तरी तो कुरकुर करत नाही. जमेल तसं पान दाखवतो. चाचणी तपासणारं यंत्रही फक्त बरोबर पर्याय निवडला का, तेवढं बघतं. वर्गातल्या बाईंनी वही उलटून ‘हे काय केलंस?’ असं विचारावं, तसं विचारणारं तिथे कोणी नव्हतं. ते काम त्या मुलाने केलं, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली.

मी तीन रात्री बसून सातही सूचना युनिकोडमध्ये नव्याने टाइप केल्या. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात जागा आहे. ‘क्ष’ हे एकच अक्षर आपण लिहितो, पण आत ते क, हलन्त आणि ष असं तीन संकेतांनी साठवलं जातं. म्हणून ते कुठल्याही संगणकावर ‘क्ष’च राहतं, शोधता येतं आणि वाचूनही दाखवता येतं. प्रत्येक सूचनेला मथळ्याची खूण दिली. तारखा यादीत घातल्या.

पहिला परीक्षक अर्थात तोच मुलगा. त्याने ‘एच’ अक्षराची कळ दाबली. त्या कळीने पडदावाचक एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर जातो. माझ्या पानावर तो पहिल्यांदाच इकडून तिकडे गेला. मग म्हणाला, “मॅडम, तारखेतला महिना अक्षरांत लिहा. आकडे आणि टिंबं ऐकताना गोंधळ होतो.” हे मला बारा आठवड्यांत कुठेच भेटलं नव्हतं. पुढच्या वर्षी अभ्यासिकेच्या अर्जाची सूचना लागली, त्या दिवशी पहिला अर्ज त्याचा होता.

आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. माहिती सर्वांना मिळेल अशा स्वरूपात असावी, हे त्यात सांगितलेलं आहे. पण कायदा पान लिहीत नाही. पान तुम्ही-आम्ही लिहितो.

म्हणून, श्रोतेहो, घरबसल्या हे शिकायची इच्छा असेल तर जरूर शिका. वयाची अडचण नाही. इंग्रजीचीही फार नाही. सुरुवातीला वीस-पंचवीस खुणा पुरतात. मात्र एक चित्रफीत पाहिली की दुसरी लावण्याआधी तेवढं स्वतः टाइप करा. मोबाइलवर बघता येईल, पण लिहायला कळफलक हवाच. सरावासाठी काल्पनिक दुकानाचं पान करू नका. गावातल्या पतपेढीचं, भजनी मंडळाचं, शाळेचं करा, म्हणजे चुकलं तर विचारायला कोणीतरी येईल. आणि पान झालं की एकदा पडदा बंद करून ते नुसतं ऐका. आत्ता तुम्ही मला ऐकता आहात ना, तसं. जे ऐकू आलं नाही, ते अजून लिहायचं राहिलं आहे असं समजा.

माझं प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे. त्याच्या खाली मी अभ्यासिकेची ती जुनी, स्कॅन केलेली सूचना लावून ठेवली आहे.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)